बाप निघून गेलाय, मग दत्तकासाठी सही कोणाची?

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतायत, म्हणून आज फक्त तीच घेतली. लग्न न होता झालेलं मूल, बापाचा पत्ता नाही, आणि मुलाला दत्तक द्यायचंय किंवा नवऱ्याच्या नावावर करायचंय. पत्रं लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : वकीलताई, माझ्या बहिणीची मुलगी सध्या माझ्याकडे राहतेय, वय २२, सातवा महिना चालू आहे. लग्न झालेलं नाही. मुलगा तिच्याच कॉलेजचा होता, बातमी कळल्यावर फोन बंद केला, रूम सोडली, गावाकडच्यांनी हात वर केले. भाचीचं म्हणणं आहे की बाळाला मी वाढवू शकत नाही, चांगल्या घरी द्यायचं. आता आमच्याकडे सगळे सांगतायत की बापाची सही असल्याशिवाय बाळ देताच येत नाही, आधी त्याला शोधा. दुसरीकडे ओळखीच्या एका नर्सबाईंनी सुचवलंय की एक जोडपं तयार आहे, डिलिव्हरीच्या वेळी पेपरच त्यांच्या नावानं करू, कुणाला काही कळणार नाही. आम्ही काय करू? त्याला शोधायला पोलिसांत जावं लागेल का?

उत्तर : ताई, दत्तकाच्या कामासाठी त्याला शोधायची गरज नाहीये. हे आधीच सांगते कारण तुमच्या पत्रातली निम्मी घालमेल त्याच्यावरून आहे.

आपल्याकडे बाळ सरकारी मार्गानं सोपवायचं तर बाल न्याय कायदा २०१५ लागतो आणि त्याच्या जोडीला 'कारा'चे (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) दत्तक नियम, सध्या चालू आहेत ते २०२२ चे. त्या नियमांत बाळ सोपवताना सही कोणी करायची ते स्पष्ट आहे. आईबाप नवराबायको असतील तर दोघांची सही, एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. आणि मूल लग्नाबाहेर झालेलं असेल तर ते फक्त आईच सोपवू शकते. यात बापाला शोधा, नोटीस पाठवा, पेपरात जाहिरात द्या असं काही नाही. उलट सोपवलेल्या बाळाची जाहीर नोटीस द्यायचीच नाही असं नियम सांगतात, कारण आईची ओळख बाहेर जाऊ नये. (रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर सापडलेल्या बाळाची जाहिरात देतात, त्यावरून लोकांचा गोंधळ होतो.)

आता हे होतं कसं. बाळ जन्मल्याशिवाय काहीच सही करायची नाही, कोणी आत्ता कोरा कागद पुढे केला तर सरळ नाही म्हणा. डिलिव्हरीनंतर भाची आणि बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जातील. हॉस्पिटलच्या समाजसेविका असतात त्यांना सांगितलं, किंवा मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत गेलात, किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन केला तरी ते तिथपर्यंत पोचवतात. समिती आधी तिच्याशी बोलते, समुपदेशन करते, बाळ ठेवायचं असेल तर काय काय मदत मिळू शकते तेही सांगते, आणि तरीही ती ठाम असेल तर त्यागपत्र, म्हणजे बाळ सोपवत असल्याचा सहीचा कागद, होतो. त्यानंतर ६० दिवस. या ६० दिवसांत तिचं मन बदललं तर बाळ परत मागता येतं, त्यानंतर नाही, मग समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं जाहीर करते. हे ६० दिवस तिचे आहेत, तुमचे नाहीत, माझे नाहीत, तिच्या आईवडिलांचे तर अजिबात नाहीत. बाळंतपणानंतर बाई कशी असते तुम्हाला मी सांगायला नको, अंगात ताकद नाही, दूध येतंय आणि बाळ जवळ नाही, अशा दिवसांत घरातल्या कुणी 'आता विषय संपला' म्हणून तिचं तोंड बंद करू नये एवढी एक गोष्ट तुम्ही बघा. मावशी म्हणून तुमचं खरं काम तेच आहे.

बापाचं नाव सांगायचं का? सुप्रीम कोर्टानं ६ जुलै २०१५ ला एका अविवाहित आईच्या केसमध्ये निकाल दिला होता. ती कमावती होती, मूल एकटीनं वाढवत होती, बचतीच्या आणि विम्याच्या कागदांवर मुलाला वारस लावायला गेली तर तिला सांगितलं की एक तर बापाचं नाव टाका किंवा पालकत्वाचा दाखला आणा. कोर्टात गेली तर खालचं कोर्ट म्हणालं बापाला नोटीस द्या, हायकोर्टानंही तेच केलं. सुप्रीम कोर्टानं दोन्ही आदेश फिरवले. ज्या बापानं मुलाची कधी चौकशीच केली नाही त्याला कायद्यानं बोलावून आणण्यात काही अर्थ नाही, आणि आईला त्याचं नाव उघड करायला भाग पाडायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. केस पालकत्वाची होती, दत्तकाची नव्हती, पण कोणी ऑफिसमध्ये अडवून धरलं तर हा निकाल दाखवता येतो. त्याच निकालात कोर्टानं असंही सांगितलं की एकट्या आईनं बर्थ सर्टिफिकेट मागितलं तर तिचं अफिडेविट घेऊन द्यायचं.

एक माझ्याकडून सुचवणं. नाव सांगायचं नसेल तर नको, पण त्या मुलाच्या घरात कुणाला काही आजार, थॅलेसेमिया, शुगर, फिट्स वगैरे भाचीला माहीत असेल तर तेवढं संस्थेला सांगून ठेवा. बाळाला पुढं आयुष्यभर उपयोगी पडतं.

आणि आता त्या नर्सबाई. ताई, हे करू नका. कितीही चांगलं जोडपं असो. बाळंतपण दुसऱ्या बाईच्या नावानं दाखवणं म्हणजे खोटा जन्मदाखला, आणि पद्धत सोडून बाळ दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. पैसे हातात आले तर ती विक्रीच, कलम ८१, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि हॉस्पिटलचा माणूस त्यात असेल तर त्याला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. पण शिक्षा सोडा, त्या बाळाचा विचार करा. असं दिलेलं मूल कायद्यानं त्या घराचं होतच नाही. उद्या घरात वाटणीवरून भांडण झालं आणि कोणी डीएनए काढा म्हणालं तर पंचवीस वर्षांच्या त्या पोराकडे दाखवायला एक खरा कागद नसतो. शिवाय या मार्गात भाचीला ६० दिवसही मिळत नाहीत.

कुमारी मातेला लपवायचं आणि बाळ गुपचूप कुठंतरी द्यायचं हे आपल्याकडे जुनंच आहे आणि त्याला उत्तरही इथंच शोधलं गेलंय. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायकांसाठी, मुख्यतः विधवांसाठी, आणि काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी स्वतः दत्तक घेतला. बाप समोर आला नाही म्हणून मुलाचं अडलं नाही. मला हे नेहमी आठवतं कारण दीडशे वर्षांनंतरही आपल्या घरांत पहिला प्रश्न 'तो कुठंय' हाच असतो, 'तिला काय हवंय' हा नंतर.

प्रश्न : मॅडम, आम्ही पुण्यात दोन वर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो, भाडेकरारावर दोघांची नावं आहेत, घरमालक आम्हाला नवराबायकोच समजायचा. लग्न केलं नव्हतं. बाळ दोन महिन्यांचं असताना तो नोकरीसाठी म्हणून दुसऱ्या राज्यात गेला आणि आता उत्तरच देत नाही. मी बाळ संस्थेत द्यायचं ठरवलंय. मी अविवाहित आहे म्हणजे माझी एकटीची सही पुरते ना?

उत्तर : तुमच्या केसमध्ये मी 'हो' असं एका शब्दात सांगणार नाही, आणि कारण नीट समजून घ्या कारण हे फारसं कोणी सांगत नाही.

केरळ हायकोर्टापुढं २०२१ मध्ये जवळजवळ असंच प्रकरण आलं होतं. दोघं लग्नाशिवाय एकत्र राहत होते, मूल झालं, तो कामासाठी दुसऱ्या राज्यात गेला, संपर्क तुटला, तिनं घाबरून बाळ समितीकडे सोपवलं. समितीनं अविवाहित आई म्हणून तिच्या एकटीच्या सहीवर काम पुढं नेलं आणि बाळ दत्तकही गेलं. मग दोघं परत एकत्र आले आणि कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं की जे जोडपं एकत्र संसार करत होतं त्यांचं मूल सोपवण्याच्या बाबतीत नवराबायकोच्या मुलासारखंच धरायला हवं होतं, म्हणजे बापाचा विचार करायला हवा होता, आणि बाळ मोकळं असल्याचा समितीचा आदेश रद्द केला. विचार करा, मधल्या मधे त्या दत्तक घेतलेल्या आईबापांचं काय झालं असेल.

केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या समितीवर बंधनकारक नाही, पण वजन आहे त्याला, आणि उद्या तुमचा जोडीदार उगवला तर तो हाच निकाल घेऊन येणार. म्हणून समितीसमोर खरं सांगा. एकत्र राहत होतो, भाडेकरार हा असा आहे, त्याचा शेवटचा फोन अमुक तारखेला आला, मेसेज हे असे पाठवले, उत्तर नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्याच्या घरच्या पत्त्यावर एक रजिस्टर पत्र टाका आणि पावती जपा.

आणि असं समजू नका की त्याची सही नाही म्हणजे सगळं बंद. नवराबायकोच्या मुलाच्या बाबतीतसुद्धा एकाचा ठावठिकाणाच लागत नसेल तर नियम असा आहे की बाळाला 'सोडून दिलेलं मूल' धरायचं आणि त्या पद्धतीनं पुढं जायचं. म्हणजे मग चौकशी होते, बापाला शोधायचा प्रयत्न होतो, जाहिरात येते, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही चौकशी २ महिन्यांत आणि त्यापेक्षा मोठ्या मुलासाठी ४ महिन्यांत संपवायची असते. थोडा त्रास जास्त, गुप्तता थोडी कमी, पण शेवटी जो आदेश मिळतो तो पक्का. मला विचाराल तर दोन वर्षं एकत्र राहिलेल्या माणसाच्या बाबतीत हेच बरोबर आहे. फोन न उचलणारा आणि पळून गेलेला यात फरक असू शकतो, आजारी असेल, तुरुंगात असेल, काय माहीत. एकदा नीट शोधलं आणि तो आला नाही तर मग त्याचं त्यानं ठरवलं.

तो कुठं आहे ते तुम्हाला माहीत असेल आणि तरी 'ठावठिकाणा नाही' असं अफिडेविटवर लिहायचा मोह होत असेल तर ते मात्र करू नका. खोट्या अफिडेविटवर उभं राहिलेलं दत्तक कधीही हलू शकतं आणि त्रास तुमच्यापेक्षा मुलाला जास्त.

प्रश्न : माझी मुलगी ६ वर्षांची आहे, बर्थ सर्टिफिकेटवर फक्त माझं नाव. तिच्या वडिलांनी तिला कधी पाहिलंही नाही. मागच्या वर्षी माझं लग्न झालं, नवरा खूप चांगला आहे, तो तिला कायदेशीर दत्तक घेऊ म्हणतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेरचे एक नोटरी म्हणाले खऱ्या बापाची संमती आणा, नाहीतर जमणार नाही. आणि माझी मैत्रीण घटस्फोटित आहे, तिचाही हाच प्रश्न आहे, नवरा चार वर्षं गायब, तिला हीच पद्धत चालेल का?

उत्तर : तुमचं अभिनंदन, आणि तुमच्या नवऱ्याचंही. तुमचं आणि मैत्रिणीचं मात्र वेगवेगळं आहे.

हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक आणि पोटगी कायदा आहे. त्याच्या कलम ९ मध्ये २०१० च्या दुरुस्तीनंतर असं झालं की आई आणि वडील दोघांना मूल दत्तक देण्याचा सारखाच हक्क, पण एकानं द्यायचं तर दुसऱ्याची संमती हवी. संमती नको कधी? दुसऱ्यानं संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा कोर्टानं त्याला वेडा ठरवलं असेल. बस, तीनच. 'गायब आहे', 'चार वर्षं पैसे पाठवले नाहीत', 'मुलाला भेटत नाही' हे या यादीत नाहीच आहे. घटस्फोट झाला म्हणून बापाचं बापपण जात नाही, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीनं नुसतं दत्तकपत्र रजिस्टर केलं तर ते पुढं अडचणीत येऊ शकतं. कायद्यात ही एक मोठी फट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी चौथं कारण तिथं असायला हवं होतं. तिनं आधी मुलाच्या ताब्याचा आणि पालकत्वाचा आदेश कोर्टातून घ्यावा, गायब नवऱ्याला त्या केसमध्ये रीतसर नोटीस, गरज पडली तर पेपरातून, आणि मग पुढचं पाऊल. ताब्याचं भांडण कोर्टात चालू असताना सावत्र वडिलांचं दत्तक होतच नाही, ते आधी संपावं लागतं.

तुमचं सोपं आहे कारण लग्नाबाहेर झालेल्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच, हे १९५६ च्याच अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय, बाप तिच्यानंतर. तरीही नोटरीकडे जाऊन शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर काम उरकू नका. बाल न्याय कायद्यात सावत्र पालकांसाठी वेगळी वाट आहे, तुम्ही दोघांनी मिळून 'कारा'च्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, कागद जिल्हा बाल संरक्षण कक्षातून जातात, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सोबत तुमचं एक अफिडेविट लावा की मूल लग्नाबाहेर झालं, बापानं कधी पालकत्व घेतलं नाही, जन्मापासून मुलगी माझ्याच ताब्यात आहे, आणि कुठंही केस चालू नाही. वर सांगितलेल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालाची प्रत जोडा. हा आदेश हातात आला की शाळा, पासपोर्ट, बँक कुठंही कोणी 'खरा बाप कुठंय' विचारत नाही.

आदेश देताना मुलीचं वय आणि समज बघून तिच्या मनाचाही विचार करायचा असतो, त्यामुळे तिला आधी सांगा, घरात, निवांत. सहा वर्षांच्या मुलीला बरंच कळतं.

१९५६ च्या कायद्यानंच जायचं असलं तर दोन गोष्टी बघून घ्या, नवरा मुलीपेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा हवा आणि त्याला आधीची मुलगी नको.

प्रश्न : मी त्या 'गायब' बापांपैकी आहे असं लोक म्हणतील. आमचं जमलं नाही, मी मुंबई सोडली. आता कळलं की तिला बाळ झालं आणि तिच्या घरच्यांनी ते संस्थेत दिलं. मला बाळ हवंय. माझी सही घेतलीच नाही, मग हे बेकायदेशीर नाही का?

उत्तर : तुमची सही घेतली नाही एवढ्यावरून बेकायदेशीर होत नाही, वर सगळं लिहिलंय. तुम्ही दोघं एकत्र संसार करत होतात का यावर बरंच अवलंबून आहे. होतात, तर केरळचा निकाल तुमच्या बाजूनं वाचता येतो. नुसतं प्रेमसंबंध होता तर कायदा तुमच्यासाठी थांबत नाही.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, 'तिच्या घरच्यांनी दिलं'. तिनं दिलं की तिच्या घरच्यांनी? कारण आई सज्ञान असेल तर आजी-आजोबांना तो अधिकारच नाही. केरळातच २०२१ मध्ये एक प्रकरण देशभर गाजलं, मुलगी सांगत होती की माझ्या आईवडिलांनी बाळ मला न विचारता दिलं, बाळ आंध्रातल्या एका जोडप्याकडे पोचलंही होतं, तिनं आंदोलन केलं, शेवटी बाळ परत आणलं, डीएनए झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बाळ आईकडे आलं. आई अल्पवयीन असेल तर त्यागपत्रावर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, पण साक्षीदार म्हणजे मालक नाही (आणि १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं तुमच्यावरच गुन्हा येतो, हेही सांगून ठेवते).

अमेरिकेत काही राज्यांत तुमच्यासारख्या बापांसाठी एक रजिस्टर असतं, नाव नोंदवलं तर दत्तकाच्या आधी नोटीस येते, नाही नोंदवलं तर नाही. न्यूयॉर्कच्या एका बापानं यावरून केस केली होती, १९८३ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही, मुलाशी नातं जोडायला हात पुढं करावा लागतो. आपल्याकडे असलं रजिस्टर नाही. म्हणून तुम्हाला एकच मार्ग, वेळ. बाळ सोपवल्याची तारीख काढा, ६० दिवस संपले नसतील तर आजच त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, डीएनएला तयार आहे असं लिहा, आणि बाळाला कुठं ठेवाल, कोण सांभाळेल तेही लिहा कारण समिती पहिलं तेच विचारणार. तिला धमकीचे फोन करू नका. ६० दिवस संपले असतील पण बाळ अजून कुणाला दिलेलं नसेल तरी अर्ज द्या आणि लगेच हायकोर्टाच्या वकिलाला भेटा. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला असेल तर मात्र तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

थोडक्यात एक : नगर जिल्ह्यातून एका ताईंनी विचारलंय की या सगळ्याला वकिलाची फी किती. बाळ सोपवायला वकील लागतच नाही आणि समितीला एक रुपया द्यायचा नसतो. कोर्टात जायची वेळ आलीच तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. जाताना आधार आणि बाळाचा जन्मदाखला, डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा.